संघ नसताना भिक्षुणी कशी व्हावी? थायलंडमधील एका मायलेकींचे प्रकरण

छत्सुमान कबिलसिंह यांनी 28 फेब्रुवारी 2003 रोजी श्रीलंकेत उपसंपदा (संघात पूर्ण प्रवेश) घेतली आणि त्या भिक्षुणी धम्मनंदा झाल्या. त्या वेळी त्यांचे वय 58 होते. बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात त्यांनी सुमारे पाव शतक धर्म आणि तत्त्वज्ञान शिकवले होते, दूरचित्रवाणीवरील धम्मविषयक कार्यक्रमामुळे त्यांचा चेहरा घरोघरी परिचित होता आणि तीन मुलगे वाढवून त्या प्रापंचिक जबाबदाऱ्यांतून मोकळ्या झाल्या होत्या. आधुनिक काळात थेरवाद, म्हणजे श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड येथील बौद्ध परंपरेनुसार उपसंपदा मिळालेली पहिली थाई स्त्री म्हणून त्यांचे नाव नोंदले जाते. मात्र ज्या देशात ही नोंद घेतली जाते, त्या देशाच्या अधिकृत संघाने त्यांना आजवर भिक्षुणी मानलेले नाही.

एखाद्या स्त्रीने केस उतरवले, चीवर घातले आणि नियम पाळायला सुरुवात केली, तर त्यात इतरांनी मान्य वा अमान्य करण्यासारखे काय उरते, असा प्रश्न वाचकाला पडेल. या प्रकरणाचे सगळे गुंते तिथेच आहेत. बौद्ध परंपरेत संसारत्यागाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली प्रव्रज्या, म्हणजे घराबाहेर पडणे, आणि दुसरी उपसंपदा, म्हणजे संघात प्रवेश. पहिल्या पायरीचा निश्चय व्यक्तीचा असतो. दुसरी पायरी मात्र संघकर्म आहे: ठरावीक संख्येने जमलेल्या संघासमोर एकदा ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडली जाते, तीन वेळा घोषणा होते, कोणी आक्षेप घेतला नाही तर संघाला हे मान्य आहे असे धरले जाते, आणि तेव्हाच उमेदवार भिक्षू किंवा भिक्षुणी होतो. वैराग्य कितीही प्रखर असले, तरी गणपूर्ती झाल्याखेरीज उपसंपदा नाही. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेची सभा गणपूर्तीअभावी तहकूब करणारी वृत्ती आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयातली, म्हणजे संघाच्या नियमावलीतली, वृत्ती यांत फारसे अंतर नाही, हे थोडे गमतीने पण खरेच म्हणावे लागते.

विनयातली अडचण

पुरुषाला भिक्षुसंघासमोर एकदाच उभे राहावे लागते. स्त्रीसाठी पाली विनयाने पुढे दुहेरी व्यवस्था ठरवली. आधी तिने दोन वर्षे शिक्षमाणा म्हणून सहा नियम अखंड पाळायचे, मग भिक्षुणीसंघाने तिला उपसंपदा द्यायची आणि त्यानंतर भिक्षुसंघाने त्यावर आपली मोहोर उमटवायची. तिची प्रवर्तिनी, म्हणजे जिच्या पुढाकाराने उपसंपदा होते ती भिक्षुणी, किमान बारा वर्षांची ज्येष्ठ असली पाहिजे. त्यातही प्रवर्तिनीने एका वर्षी दोघींना उपसंपदा देऊ नये आणि लागोपाठच्या वर्षी देऊ नये, असेही नियम आहेत. अशा रचनेत भिक्षुणीसंघ अतिशय हळू वाढतो आणि एकदा तुटला की त्याच नियमांनी पुन्हा उभा करणे अशक्य होऊन बसते, कारण नवी भिक्षुणी करायला जुन्या भिक्षुणी लागतात.

नेमके असेच घडले. अशोककन्या संघमित्रेने श्रीलंकेत नेलेला भिक्षुणीसंघ तिथे हजारावर वर्षे टिकला आणि अकराव्या शतकाच्या सुमारास, चोळांच्या स्वाऱ्यांनंतर, लोप पावला. भिक्षुसंघही त्या पडझडीत मोडकळीला आला होता, परंतु ब्रह्मदेशातून भिक्षू आणून तो पुन्हा उभा करण्यात आला. भिक्षुणींसाठी असा प्रयत्न झाला नाही. थायलंडमध्ये तर भिक्षुणीसंघ कधी रुजल्याचा पुरावाच मिळत नाही. त्यामुळे थेरवादी देशांतला अधिकृत युक्तिवाद सुटसुटीत राहिला: भिक्षुणी उरल्या नाहीत, म्हणून भिक्षुणी होता येत नाही, आणि यात कोणाच्या इच्छेचा वा द्वेषाचा प्रश्न नाही.

हा युक्तिवाद निव्वळ सबब आहे असे मला वाटत नाही. विधी अचूक पार पडला तरच तो वैध, या आग्रहामुळेच भिक्षुसंघाची परंपरा इतकी शतके अबाधित राहिली, आणि ज्या भिक्षूला स्वतःच्या उपसंपदेच्या वैधतेची काळजी आहे, त्याला इतरांच्या उपसंपदेविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. पण ज्या विनयाचा आधार घेतला जातो, तो नीट वाचला तर त्यातच दुसरी वाटही दिसते. चुल्लवग्गात, म्हणजे पाली विनयाच्या एका भागात, प्रथम भिक्षूंनी भिक्षुणींना उपसंपदा द्यावी अशी अनुज्ञा येते. दुहेरी विधी नंतर आला आणि त्याचे कारणही तिथेच सांगितले आहे: उमेदवार स्त्रीला शरीराविषयी जे प्रश्न विचारावे लागत, त्यांची उत्तरे भिक्षूंसमोर देताना ती संकोचाने गप्प होत असे, म्हणून ती चौकशी आधी भिक्षुणींनी करावी असे ठरले. म्हणजे मधला टप्पा आला तो स्त्रियांच्या सोयीसाठी, आणि मूळची अनुज्ञा मागे घेतल्याचे वचन कुठेही नाही. भिक्खू बोधींसारख्या थेरवादी भिक्षूंनी पुनरुज्जीवनाच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद या मुद्द्यालाही धरून आहे.

विनय किती लवचीक होता, हे दाखवणारी आणखी दोन उदाहरणे आहेत. अवंती-दक्षिणापथातल्या सोण कुटिकण्णाला उपसंपदेसाठी लागणारे दहा भिक्षू जमायला तीन वर्षे लागली, तेव्हा बुद्धांनी सीमावर्ती प्रदेशांसाठी ही संख्या पाचांवर आणली. काशीची गणिका अड्ढकासी उपसंपदेसाठी श्रावस्तीला निघाली असता वाटेत धूर्त लोक टपून बसल्याचे कळले, तेव्हा ती स्वतः हजर नसतानाही दूतामार्फत उपसंपदा देण्याची मुभा मिळाली. माणसे जमत नाहीत म्हणून संख्या बदलली, रस्ता सुरक्षित नाही म्हणून उपस्थितीची अट शिथिल झाली. मग भिक्षुणीच उरल्या नाहीत या अडचणीवर मात्र उपाय असूच शकत नाही, असे मानणे हे विनयाच्या चालीला धरून आहे का, असा प्रश्न कोणीही विचारील.

दुहेरी उपसंपदेची अट भिक्षुणींसाठीच्या आठ गुरुधर्मांपैकी (विशेष नियमांपैकी) सहाव्यात येते आणि हे गुरुधर्म महाप्रजापती गौतमीला प्रव्रज्या देतानाच घातले गेले, अशी पारंपरिक कथा आहे. धर्मानंद कोसंबी यांनी या कथेवरच शंका घेतली होती. विनयात एखादी घटना घडते, तक्रार येते आणि मग नियम होतो; इथे मात्र भिक्षुणीसंघ अस्तित्वात येण्याआधीच त्याचे नियम तयार आहेत, हे त्या पद्धतीशी विसंगत असल्याने हे गुरुधर्म मागाहून रचले गेले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोसंबी स्वतः गोव्याहून निघून 1902 साली सिलोनला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर, म्हणजे उपसंपदेआधीचे नवदीक्षित, झाले. एखादी मराठी स्त्री तितकीच तळमळ घेऊन त्याच दारात उभी राहिली असती, तर तिला प्रवेश देणारा संघच तिथे नव्हता. त्या बेटावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्त्रियांसाठी सुरू झाली ती ‘दससील माता’ ही दहा शीले पाळणाऱ्या गृहत्यागी स्त्रियांची परंपरा. तिला उपसंपदेचा दर्जा नव्हता.

1928 चा आदेश

थायलंडमध्ये (तेव्हाच्या सयाममध्ये) हा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे उभा राहिला तो नरिन फासित या माजी प्रांताधिकाऱ्यामुळे. राज्यकर्ते आणि संघाचे वरिष्ठ या दोघांवरही टीका करणारा हा गृहस्थ वादग्रस्त होता. त्याने आपल्या सारा आणि चोंगदी या दोन मुलींना इतर काही स्त्रियांसह श्रामणेरी दीक्षा देवविली आणि त्यांच्यासाठी नोंथाबुरीत विहारही उभारला. थोरली तेव्हा अठरा वर्षांची होती, धाकटी तेरा. मुलींना अटक झाली, चीवर उतरवायला नकार दिल्याबद्दल काही दिवस तुरुंगातही राहावे लागले. दीक्षा देणाऱ्या भिक्षूचे नाव मात्र कोणी उघड केले नाही.

त्यावर 18 जून 1928 रोजी संघराजांनी, म्हणजे संघाच्या सर्वोच्च प्रमुखांनी, आदेश काढला. श्रामणेरीची दीक्षा द्यायला बारा वर्षांची ज्येष्ठ भिक्षुणी लागते, अशा भिक्षुणी आता अस्तित्वात नाहीत, म्हणून यापुढे सयाममधील कोणत्याही भिक्षूने स्त्रीला श्रामणेरी, शिक्षमाणा किंवा भिक्षुणी करू नये, असा त्याचा आशय होता. या आदेशाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. बंदी घातली आहे ती भिक्षूंवर, स्त्रियांवर नाही. देशाबाहेरच्या संघाकडून उपसंपदा घेऊन परतणाऱ्या स्त्रीचे काय करायचे, याविषयी आदेशात चकार शब्द नाही, कारण 1928 मध्ये असे काही संभवेल हे कोणाच्या स्वप्नातही नसावे. पुढची सगळी हालचाल याच फटीतून झाली.

स्त्रियांना मोकळी राहिली ती ‘मे ची’ची वाट. मे ची डोके आणि भुवया भादरतात, पांढरी वस्त्रे नेसतात, आठ शीले पाळतात आणि पुष्कळदा विहारात स्वयंपाक व झाडलोट करतात. कायदा त्यांना धड गृहस्थ मानत नाही, धड प्रव्रजित मानत नाही. मतदानाचा प्रश्न येतो तेव्हा त्या धार्मिक व्रतस्थांमध्ये धरल्या जाऊन त्यांचा हक्क जातो, आणि भिक्षूंना मिळणाऱ्या प्रवासासारख्या सवलतींचा प्रश्न येतो तेव्हा त्या सामान्य नागरिक ठरतात.

आई

वोरमाई कबिलसिंह (1908–2003) यांचे आयुष्य घडले तेच चाकोरीबाहेर. त्या शिक्षिका होत्या, पत्रकार होत्या आणि तरुणपणी बँकॉकहून सिंगापूरपर्यंत सायकलने गेलेल्या होत्या. पती संसदेचे सदस्य. 1956 मध्ये, मुलगी छत्सुमान जेमतेम अकरा वर्षांची असताना, त्यांनी वात बोवोनिवेत या प्रतिष्ठित विहारातील वरिष्ठ भिक्षूकडून आठ शीले घेतली, पण मे चीची पांढरी वस्त्रे न घेता फिकट पिवळी वस्त्रे घातली. भिक्षूचा वेश बेकायदा धारण करणे हा थायलंडमध्ये फौजदारी गुन्हा असल्याने स्थानिक अधिकाऱ्यांनी लगेच हरकत घेतली. प्रकरण संघाच्या वरिष्ठ परिषदेपर्यंत गेले आणि हा रंग भिक्षूंच्या चीवराचा नाही, सबब गुन्हा घडत नाही, असा निर्वाळा मिळाला. या स्त्रीचा अधिकार काय, हा मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही. चर्चा झाली ती कापडाच्या छटेवर. वोरमाई यांनी बहुधा हे आधीच ओळखले असावे.

त्यांनी नाखोन पाथोम प्रांतात जमीन घेऊन सोंगधम्मकल्याणी विहार उभारला. हा थायलंडमधला स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेला पहिला विहार मानला जातो. तिथे अनाथ मुलांचा सांभाळ होई, शाळा चाले, एक धम्मविषयक मासिक निघे. 1971 मध्ये वोरमाई तैवानला गेल्या आणि तिथल्या महायानी संघात चालणाऱ्या धर्मगुप्तक या वेगळ्या प्राचीन संप्रदायाच्या विनयाच्या परंपरेत त्यांनी पूर्ण उपसंपदा घेतली. थाई संघाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, कारण महायानी भिक्षुणी हे त्यांच्या दृष्टीने दुसऱ्याच्या घरचे प्रकरण होते. आईच्या वाट्याला आलेली ही बेदखल मुलीने जवळून पाहिली होती, आणि तिने पुढे निवडलेल्या मार्गात त्या अनुभवाचा वाटा नक्कीच असावा.

मुलगी

छत्सुमान यांनी शांतिनिकेतनात तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, कॅनडात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि मगध विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. निरनिराळ्या परंपरांतील भिक्षुणी-प्रातिमोक्षांची, म्हणजे भिक्षुणींच्या नियमयाद्यांची, तुलना हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. पाली परंपरेत भिक्षुणीला 311 नियम आहेत, धर्मगुप्तकांमध्ये 348. भिक्षूसाठी पालीत 227. हे नियम स्वतःवर लागू करण्याआधी त्यांनी वर्षानुवर्षे एकेक करून तपासले होते. 1987 मध्ये बोधगयेत बौद्ध स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून शाक्यधिता ही संघटना जन्मली, त्या उभारणीतही त्या होत्या.

या सुमारास तुटलेला धागा जोडण्याचे काम भारताच्या भूमीवर सुरू झाले. 8 डिसेंबर 1996 रोजी सारनाथ येथे दहा श्रीलंकन स्त्रियांना कोरियन संघाच्या साहाय्याने उपसंपदा मिळाली. फेब्रुवारी 1998 मध्ये तैवानच्या फो ग्वांग शान विहाराने बोधगयेत मोठा विधी केला आणि त्यात वीसहून अधिक देशांच्या शंभरावर स्त्रिया भिक्षुणी झाल्या. त्यांतल्या श्रीलंकन भिक्षुणींना नंतर थेरवादी भिक्षूंनी सारनाथला पुन्हा उपसंपदा दिली. याला दळ्हीकम्म, म्हणजे आधीचे कर्म दृढ करणे, असे म्हणता येते. त्यानंतर मार्चमध्ये दांबुल्ला येथे श्रीलंकेतच उपसंपदा सुरू झाली. चिनी परंपरेतून घेतलेला धागा थेरवादी कसा, या आक्षेपाला एक ऐतिहासिक उत्तर दिले जाते: पाचव्या शतकात नंदी नावाच्या नाविकाच्या जहाजातून सिंहली भिक्षुणी नानजिंगला गेल्या होत्या आणि चीनमध्ये दुहेरी उपसंपदेची परंपरा त्यांच्याच साहाय्याने सुरू झाली. ही माहिती चिनी भिक्षुणींच्या प्राचीन चरित्रसंग्रहात आहे. वंशावळीचा पुरावा म्हणून ती निर्णायक ठरते असे मला वाटत नाही, कारण विनयाचा पाठ तिथे धर्मगुप्तकांचा होता. तरी ‘परका संघ’ या शब्दाची धार तिने नक्कीच बोथट होते.

छत्सुमान यांनी 6 फेब्रुवारी 2001 रोजी श्रीलंकेत श्रामणेरी दीक्षा घेतली आणि दोन वर्षे पूर्ण झाल्यावरच उपसंपदा घेतली. या दोन वर्षांत टीकेचा भडिमार झाला, प्रसिद्धीसाठी हे सोंग आणले आहे असेही म्हटले गेले. परंतु शिक्षमाणेच्या मुदतीत एका दिवसाचीही तूट कोणाला दाखवता आली नाही. आईने रंगाची छटा निवडून कायदा टाळला होता, मुलीने विनयाची तारीख-वार पूर्तता करून टीकाकारांच्या हातातले हत्यार काढून घेतले. शिवाय तिने 1928 चा आदेश मोडला असेही म्हणता येत नव्हते, कारण कोणत्याही थाई भिक्षूने तिला उपसंपदा दिलेली नव्हती.

परतल्यानंतर

2003 मध्येच थाई सिनेटच्या एका उपसमितीने स्त्रियांच्या उपसंपदेत घटनात्मक अडथळा नाही असे मत देऊन जुन्या बंदीचा फेरविचार सुचवला. संघाच्या परिषदेने ते मानले नाही. तोवर सोंगधम्मकल्याणी विहारात थाई भूमीवरील पहिली श्रामणेरी दीक्षा फेब्रुवारी 2002 मध्ये होऊन गेली होती. पुढे तिथे स्त्रियांसाठी अल्पकालीन श्रामणेरी दीक्षा दर वर्षी होऊ लागल्या. थाई समाजात मुलगा थोड्या काळासाठी का होईना, चीवर घेतो आणि त्याचे पुण्य आईला लाभते अशी श्रद्धा आहे. मुलीला ही सोय नसल्याने ती आईवडिलांचे ऋण पैशाने फेडू पाहते आणि गरीब खेड्यांतल्या मुली शहरातल्या देहविक्रीकडे ढकलल्या जाण्यामागे ही भावनाही असते, हा दुवा छत्सुमान यांनी प्राध्यापक असतानाच आपल्या लेखनात मांडला होता. म्हणून नऊ दिवसांची का होईना, मुलीची प्रव्रज्या त्यांना महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रातल्या श्रामणेर शिबिरांत मुलींना बसताना पाहिलेल्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. बँकॉकजवळ ते विशेष आहे.

नोव्हेंबर 2014 मध्ये दक्षिणेकडील सोंगख्ला प्रांतात श्रीलंकेहून आलेल्या भिक्षूंनी थायलंडमध्येच स्त्रियांना उपसंपदा दिली, तेव्हा 1928 च्या आदेशातली फट वरिष्ठांच्या ध्यानात आली. परदेशी भिक्षूंना असा विधी करायचा असल्यास आधी परवानगी लागेल, अशी भूमिका परिषदेने लगोलग घेतली. परिणामी उमेदवार स्त्रियांना पुन्हा श्रीलंकेचीच वाट धरावी लागते. तिथेही सरकार आणि मोठे निकाय (भिक्षूंचे संप्रदाय) यांनी भिक्षुणीसंघाला मान्यता देण्यात हात आखडताच ठेवला आहे, पण तिथे निदान विधी करणारे भिक्षू आणि भिक्षुणी आहेत.

राजे भूमिबोल यांच्या निधनानंतर डिसेंबर 2016 मध्ये अंत्यदर्शनासाठी राजवाड्यात गेलेल्या भिक्षुणींना चीवरात प्रवेश नाकारण्यात आला. प्रवेशद्वारावर अधिकाऱ्यांना त्यांच्या वैराग्याविषयी काही म्हणायचे नव्हते. भिक्षूंच्या रांगेत त्यांना घेता येत नव्हते आणि गृहस्थांच्या रांगेत या वेशात उभे राहू देता येत नव्हते. नाखोन पाथोमच्या रस्त्यांवर मात्र या भिक्षुणी पिंडपाताला निघतात, तेव्हा लोक दारात थांबून पात्रात भात घालतात आणि हात जोडतात. थाई ओळखपत्रावर भिक्षूच्या नावाआधी ‘फ्रा’ लिहिले जाते. भिक्षुणीच्या नावाआधी अजूनही ‘नांग’ किंवा ‘नांगसाओ’ असते, म्हणजे श्रीमती किंवा कुमारी.